पैसा कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा: रिस्टोरेशनची नाटकं कशी वाचायची

एम.ए. इंग्लिशवाले असोत की नुसती हौस म्हणून जुनं काहीतरी वाचायला घेणारे, रिस्टोरेशन (म्हणजे १६६०ला इंग्लंडात राजा परत गादीवर आला त्यानंतरचा काळ) म्हटलं की सगळे थेट काँग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड'वर उडी मारतात आणि तिथेच अडकतात. पहिल्या अंकात चॉकलेट हाउसमध्ये दोन पुरुष पत्त्यांच्या टेबलावरून उठतात आणि ज्या गप्पा सुरू करतात त्या संपतच नाहीत, त्यात आठ-दहा जणांची नावं येतात, त्यातलं बरंचसं पब्लिक अजून स्टेजवर आलेलंच नसतं, हिरॉइन तर दुसऱ्या अंकात उगवते, आणि तोपर्यंत वाचणारा गाइड शोधायला लागलेला असतो. गाइडमध्ये मग 'विट', 'कॉमेडी ऑफ मॅनर्स', 'उच्चभ्रू समाजावरचं भाष्य' असली लेबलं मिळतात, पेपर सुटतो, नाटक मात्र वाचायचं राहून जातं.

माझं म्हणणं साधं आहे. ही नाटकं चमकदार वाक्यांसाठी वाचू नका, पैशासाठी वाचा. कुणाची इस्टेट कुणाच्या सहीवर अडकलीय, कुठल्या पोरीचा हुंडा कुठल्या भावाच्या किंवा मावशीच्या हातात आहे, कुणाचं कुठलं लफडं बाहेर आलं तर कोण रस्त्यावर येईल, एवढं कळलं की वाक्यं आपोआप कळतात, कारण ती बोलणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी मिळवायचंय नाहीतर काहीतरी लपवायचंय. नुसतं हुशार दिसायला बोलणारी पात्रंपण असतात, पण ती मूर्ख म्हणूनच घातलेली असतात, त्यांच्यावर हसायचं असतं.

आधी पाच मिनिटांत मागची गोष्ट. १६४२च्या सप्टेंबरात पार्लमेंटने लंडनची थिएटरं बंद केली, तेव्हा राजा आणि पार्लमेंटमधलं सिव्हिल वॉर नुकतंच सुरू झालं होतं, १६४९ला राजाचं मुंडकं उडवलं, आणि १६६०ला त्याचा पोरगा चार्ल्स दुसरा परदेशातला वनवास संपवून परत आला. म्हणजे १८ वर्षं रीतसर थिएटर नाही, चोरून-लपून काही प्रयोग व्हायचे तेवढेच. चार्ल्सला नाटकाचं भारी वेड. त्याने आल्या आल्या दोनच माणसांना परवानगी दिली, टॉमस किलिग्रूला आणि विल्यम डॅव्हनंटला. किलिग्रूची ती किंग्ज कंपनी, डॅव्हनंटची ती ड्यूक्स कंपनी, बाकी कुणी लंडनमध्ये कंपनी काढायची नाही. या दोन नावांपलीकडे इतिहास पाठ करायची गरज नाही, फक्त हे लक्षात ठेवा की १६८२ला धंदा बसला म्हणून दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि १६९५ला टॉमस बेटर्टन नावाचा मोठा नट मालकांशी भांडून चांगली चांगली माणसं घेऊन बाहेर पडला. काँग्रीव्हचं 'लव्ह फॉर लव्ह' याच बाहेर पडलेल्यांनी लंडनमधल्या लिंकन्स इन फील्ड्समध्ये पहिलं म्हणून लावलं.

आता खरं काम, आणि इथे घाई करू नका. वाचायला बसायच्या आधी स्टेज डोक्यात उभं करायचं. सुरुवातीची थिएटरं म्हणजे चक्क टेनिस कोर्टं होती, छप्पर असलेली, लांबट, त्यांना आतून बदलून घेतलेलं. डॅव्हनंटने १६६१च्या जूनमध्ये लिंकन्स इन फील्ड्सच्या कोर्टात रंगवलेलं, सरकणारं नेपथ्य आणलं, मोठमोठ्या चौकटी खाचांमधून दोन्ही बाजूंनी सरकत यायच्या आणि बाग जाऊन घर यायचं, तेपण पब्लिकसमोर, पडदा न पाडता. पडदा प्रोलॉग (सुरुवातीला पब्लिकला उद्देशून म्हटलेल्या ओळी, शेवटी म्हणतात तो एपिलॉग) झाल्यावर वर जायचा तो सहसा नाटक संपेपर्यंत वरच. पण नटमंडळी त्या चित्रांच्या आत उभी राहत नसत. चौकटीच्या पुढे मोठा ओटा प्रेक्षकांत घुसलेला असायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना खरेखुरे, उघडझाप होणारे दरवाजे, दरवाज्यांच्या वर बाल्कन्या. सगळी बोलाचाली या ओट्यावर. आणि मेणबत्त्यांची झुंबरं स्टेजवरपण आणि प्रेक्षकांवरपण, प्रयोग दुपारी तीन-साडेतीनला, म्हणजे अंधारात बसून गपगुमान बघणं हा प्रकारच नाही. बॉक्समध्ये ४ शिलिंग देऊन सरदार, खाली पिटमध्ये अडीच शिलिंगवाले हौशी टीकाकार आणि मास्क लावलेल्या बायका, सगळ्यात वर १ शिलिंगची नोकरमंडळी, आणि मधून संत्री विकणाऱ्या पोरी. सगळे एकमेकांना दिसतायत. स्टेजवर जो छबीला मूर्ख दाखवलाय त्याचा खराखुरा नमुना पुढच्या बाकावर बसलेला आहे आणि शेजारचे त्याच्याकडे बघून हसतायत.

हे एकदा डोळ्यासमोर आलं की 'असाइड' नावाचा प्रकार त्रास देत नाही. पुस्तकात कंसात असाइड लिहिलेलं दिसतं आणि आपण ते मनातलं बोलणं समजून पुढे सरकतो. ते मनातलं नाही हो. नट चार पावलं पुढे येऊन थेट पिटमधल्या माणसाच्या तोंडावर बोलतोय. आपल्या वगातला सोंगाड्या राजाशी बोलता बोलता पब्लिककडे वळून राजाची टर उडवतो ना, अगदी तसं. म्हणून असाइड आलं की मोठ्याने वाचा, मान वळवून वाचा, घरचे हसले तर हसू द्या.

दुसरी डोक्यात ठेवायची गोष्ट म्हणजे बायका. १६६०च्या आधी इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर बायकांची कामं पोरं करायची. ८ डिसेंबर १६६०ला किलिग्रूच्या कंपनीने 'ऑथेल्लो' लावलं आणि त्यात डेस्डेमोना बाईने केली, आणि १६६२च्या राजाच्या पत्रात तर लिहूनच टाकलं की यापुढे बायकांची कामं बायकांनीच करायची. पोरांपैकी एडवर्ड किनॅस्टन फार देखणा, त्याला १६६०मध्ये बाईच्या भूमिकेत बघून सॅम्युएल पीप्स (नेव्हीच्या ऑफिसातला कारकुनी डोक्याचा अधिकारी, ज्याची डायरी या काळासाठी सोन्याची खाण आहे) खुळावला होता. तोच किनॅस्टन पुढे पुरुषांची कामं करून मोठा झाला. बायका आल्यामुळे लिहिणाऱ्यांनी लगेच काय केलं असेल, तर त्यांना पुरुषी कपडे घालायला लावले, कारण विजारीत पाय दिसतात. नेल ग्विन अशाच कामांतून गाजली, संत्री विकणारी पोरगी ते नटी ते राजाची मैत्रीण. तेव्हा कुठल्याही नाटकात पोरगी मुलगा बनून फिरायला लागली की कथानकात त्याचं कारण शोधत बसू नका, तिकीटबारीवर शोधा.

बरं, सुरुवात कुठल्या नाटकाने? विल्यम वायचर्लीचं 'द कंट्री वाइफ', १६७५. काही लोक सांगतील ईथरिजचं 'द मॅन ऑफ मोड' घ्या, ते १६७६चं, छान आहे पण त्यात घडत फारसं नाही, हिरो डॉरिमंट तीन बायकांमध्ये फिरतो आणि सर फॉपलिंग फ्लटर फ्रेंच कपडे मिरवतो, नवीन वाचणाऱ्याला हातात धरायला काही मिळत नाही. 'कंट्री वाइफ'मध्ये पहिल्या पानावरच गोम कळते. हॉर्नर नावाचा लफडेबाज माणूस आपल्या डॉक्टरकरवी गावभर अफवा पसरवतो की फ्रान्समध्ये झालेल्या आजारामुळे आणि त्यावरच्या उपचारामुळे तो आता पुरुष म्हणून कामाचा राहिला नाही. झालं, सगळे नवरे खूश, आपापल्या बायकांना बिनधास्त त्याच्या सोबतीला पाठवतात. सर जॅस्पर फिजेट तर कामधंद्यात इतका गुंतलेला की बायकोला सांभाळायला फुकटचा माणूस मिळाला म्हणून आनंदात.

हातात एक वही घ्या, पात्रांची यादी करू नका, ती पुस्तकात आहेच (जुन्या छापील प्रतींत आधी सगळे पुरुष, मग सगळ्या बायका, त्यामुळे कोण कुणाचं काय लागतं ते त्यावरून पटकन कळतच नाही). वहीत तीन रकाने करा. पहिल्यात पैसा, दुसऱ्यात गुपित, तिसऱ्यात ते गुपित कुणाकुणाला माहीत. 'कंट्री वाइफ'मध्ये पैशाच्या रकान्यात फार नाही, पिंचवाइफ आपल्या बहिणीचं, अलिथियाचं लग्न स्पार्किश नावाच्या बडबड्या मूर्खाशी लावतोय आणि ५,००० पौंड देणार आहे, स्पार्किशला त्या पाच हजारांशी मतलब आहे, पोरीवर हार्कोर्ट लाईन मारतोय ते त्याला समोर बसूनही दिसत नाही, कारण बघायची गरजच वाटत नाही. गुपिताचा रकाना मात्र भरत जाईल. हॉर्नर ठीकठाक आहे हे सुरुवातीला फक्त डॉक्टरला माहीत, मग लेडी फिजेटला, मग तिच्या मैत्रिणींना, आणि प्रत्येकीला वाटत असतं की आपल्या एकटीलाच माहीत आहे. प्रत्येक प्रवेश संपला की त्या रकान्यात एक नाव वाढलं का बघा. याच्यावरच नाटक चालतंय.

चौथ्या अंकातला चायनाचा, म्हणजे चिनीमातीच्या भांड्यांचा, प्रवेश सावकाश वाचा, दोनदा वाचा. लेडी फिजेट चिनीमातीची भांडी घ्यायला निघाले असं सांगून हॉर्नरच्या घरी आलेली, मागोमाग नवरा येऊन टपकतो, तेव्हा ती भांडी शोधायचा बहाणा करून आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते, हॉर्नर रागावल्याचं नाटक करून मागच्या दाराने आत. बाहेर नवरा दाराला तोंड लावून बायकोला ओरडून सांगतोय की तो मागच्या बाजूने येतोय, जपून. ती आतून म्हणते येऊ दे. थोड्या वेळाने ती हातात एक भांडं घेऊन बाहेर येते, आणि आता दुसऱ्या बाईलाही भांडं हवंय, आणि हॉर्नर म्हणतो आता शिल्लक नाही. एकही अश्लील शब्द नाही, सगळं भांड्यांवरच बोलणं चाललंय, आणि स्टेजवर उभे असलेल्यांपैकी काहींना एक अर्थ कळतोय, काहींना दुसरा, आणि पब्लिकला दोन्ही. इथे तिसरा रकाना उघडा ठेवून वाचा म्हणजे प्रत्येक वाक्य कोण कुणासाठी बोलतंय ते दिसेल. या प्रवेशावर लोक इतके बोलले की वायचर्लीने पुढच्याच वर्षी 'द प्लेन डीलर'मध्ये एक ढोंगी बाई आणली जी 'कंट्री वाइफ'वर चिडून बोलते आणि म्हणते की त्या नाटकाने बिचाऱ्या चिनीमातीचीच अब्रू घालवली.

पण हे नाटक नुसतं मजेचं नाही, आणि इथे बरेच जण घसरतात. पिंचवाइफ हा म्हातारा झालेला लफडेबाज, शहरातल्या बायकांवर विश्वास नाही म्हणून गावची अडाणी पोरगी मार्जरी लग्न करून आणलेली, तिला कोंडून ठेवतो, बाहेर न्यायची वेळ आली तर मुलाचे कपडे घालून नेतो. तिच्याकडून हॉर्नरला चिडून पत्र लिहून घ्यायचं असतं आणि ती ऐकत नाही तेव्हा तो चाकू दाखवून तिच्या तोंडावर शिवी कोरायची धमकी देतो. हसत हसत वाचत आलेल्या माणसाला इथे थांबायला होतं, थांबा. वायचर्लीने ते मुद्दाम तसंच ठेवलंय. आणि मार्जरी काय करते, पत्र बदलते, नवऱ्याने सांगितलेलं बाजूला आणि स्वतःचं प्रेमपत्र पाकिटात. तिचं पत्र वाचा, अख्ख्या नाटकात खरं बोलणारं माणूस ती एकटीच. शेवटच्या अंकात ती सगळ्यांसमोर हॉर्नर ठणठणीत आहे हे सांगायला जाते आणि सगळे मिळून तिचं तोंड बंद करतात, कारण खरं सांगणं कुणालाच परवडणारं नाही. तुमच्या वहीतला तिसरा रकाना एव्हाना भरलेला असेल आणि तरी नवरे मात्र त्यात नसतील.

दुसरं नाटक अ‍ॅफ्रा बेनचं 'द रोव्हर', १६७७. ही बाई भारी होती, चार्ल्ससाठी अँटवर्पला हेरगिरी करून आली, नंतर नाटकांवर पोट भरलं, १६८९ला गेली तेव्हा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरली. तेव्हाच्या पद्धतीत नाटककाराला तिसऱ्या प्रयोगाचा नफा मिळायचा, म्हणजे नाटक दोन दिवसांत पडलं तर लिहिणाऱ्याच्या हातात काही नाही. हे लक्षात ठेवून तिचे प्रोलॉग-एपिलॉग वाचा, त्यात पब्लिकला केलेली खुशामत आणि मारलेले टोमणे हे शोभेसाठी नाहीत, तिसऱ्या दिवसापर्यंत तग धरायची धडपड आहे. (प्रोलॉग-एपिलॉग कुठल्याच नाटकाचे गाळू नका, पुष्कळदा नाटकापेक्षा तेच जास्त चावट असतात, आणि शोकांतिकेत आत्ताच मेलेली नटी उठून एपिलॉग म्हणते असेही नमुने आहेत.)

'रोव्हर'मध्ये पैशाचा रकाना उघडा. नेपल्समध्ये कार्निव्हल चालू आहे, राजाच्या बाजूचे इंग्रज परागंदा होऊन फिरतायत, खिशात दमडी नाही. हेलेनाला घरचे मठात टाकणार आहेत, पण तिच्या काकाने तिच्या नावावर ३,००,००० क्राउन ठेवलेत जे भाऊ अडवू शकत नाही. तिची बहीण फ्लोरिंडा, बापाला ती म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायचीय, भावाला मित्राला द्यायचीय. आणि अँजेलिका बियांका, गावातली सगळ्यात महागडी वारांगना, दाराबाहेर स्वतःचं चित्र टांगून महिन्याचा भाव १,००० क्राउन लावलेला. आता त्या इंग्रजांतला कंगाल विल्मोर हेलेना आणि अँजेलिका या दोघींत कुणाची निवड करतो, आणि का, ते वहीत बघून सांगा. तो अँजेलिकाला फुकटात मिळवतो, तिच्या प्रेमात पडायची वेळ आली की सटकतो आणि लग्न हेलेनाशी. अँजेलिका शेवटी त्याच्यावर पिस्तूल रोखून उभी राहते तो प्रवेश वाचताना मला दर वेळी वाटतं की बेनची सहानुभूती कुठे होती ते ओळखायला फार हुशारी लागत नाही. एक सांगून ठेवतो, या नाटकात बळजबरीचे प्रयत्न आहेत, फ्लोरिंडावर एकदा दारूच्या नशेत विल्मोरचा, नंतर दुसऱ्या इंग्रजाचा, आणि ते जवळजवळ विनोदासारखे पुढे नेलेत. तयारीनिशी वाचा, ग्रुपमध्ये मोठ्याने वाचणार असाल तर आधी सगळ्यांना कल्पना द्या.

मग, आणि मगच, 'द वे ऑफ द वर्ल्ड'. १७०० सालचं. हे उलटं वाचा, मी सिरियसली सांगतोय. आधी चौथ्या अंकातला मिराबेल आणि मिलामंटचा लग्नाच्या अटींचा प्रवेश काढा, तो एकटासुद्धा वाचता येतो. तिच्या अटी: सकाळी पाहिजे तेवढं झोपणार, चारचौघांत लाडाची नावं घ्यायची नाहीत, लग्न झाल्यावर पहिल्या रविवारी नव्या गाडीतून हाइड पार्कला मिरवायचं आणि मग परत कधी एकत्र दिसायचंच नाही असला प्रकार नको, माझी पत्रं कुणाची ते विचारायचं नाही, चहाच्या टेबलावर माझं राज्य, आणि खोलीत यायच्या आधी दार वाजवायचं. त्याच्या अटी: रात्री तोंडाला कसलेकसले लेप लावून झोपायचं नाही, पोट आलं की कंबर आवळायची नाही, चहाच्या नावाखाली दारू नको. गंमत वाटते, पण त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याच्या ताब्यात जायचा, तेव्हा सही करायच्या आधी जे मागायचं ते आत्ताच, नंतर हातात काही उरत नाही. ती हसत हसत घासाघीस करतेय कारण तिच्याकडे तेवढंच आहे. हे काम अ‍ॅन ब्रेसगर्डलने केलं आणि तिच्यासमोर खलनायिका मारवुड केली एलिझाबेथ बॅरीने, दोघीही त्या १६९५च्या बंडातल्या.

यानंतर पाचव्या अंकातल्या काळ्या पेटीबद्दल आधीच माहिती करून घ्या, सस्पेन्स गेला तर जाऊ दे, सस्पेन्समुळेच लोक हे नाटक सोडतात. हिशोब असा: मिलामंटच्या पैशातले ६,००० पौंड तिच्या मावशीच्या, म्हणजे लेडी विशफोर्टच्या, मर्जीवर. मावशी मिराबेलवर खवळलेली, कारण त्याने भाचीपर्यंत पोचायला मावशीवरच प्रेमाचं नाटक केलं होतं. मावशीची मुलगी म्हणजे मिसेस फेनॉल, तिचं आधी मिराबेलशी होतं, नंतर फेनॉलशी लग्न. फेनॉलचं मारवुडशी चालू आहे आणि त्याला बायकोची इस्टेट आणि ते सहा हजार दोन्ही गिळायचेत, बायकोची बदनामी करायची धमकी देऊन तो सासूला दाबतो. आणि मग मिराबेल पेटी उघडतो, त्यात जुना दस्तऐवज, विधवा असतानाच मिसेस फेनॉलने आपली सगळी इस्टेट विश्वस्त म्हणून मिराबेलच्या नावे करून ठेवलेली. तारीख आधीची, फेनॉलच्या हातातला कागद रद्दी. एवढं माहीत करून पहिल्या पानावर परत या आणि तो कंटाळवाणा पत्त्यांचा प्रवेश वाचा. समोरासमोर बसून गोड बोलणारी ती दोन माणसं म्हणजे मिराबेल आणि फेनॉल, आणि दोघंही एकमेकांना चाचपतायत. आता प्रत्येक वाक्य टोचतं.

हिरोइक ट्रॅजेडी (राजेरजवाडे, लढाया आणि प्रेमाची भारदस्त नाटकं) हा वेगळा प्रांत, आणि खरं सांगू का, त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही. ड्रायडनचं 'द कॉन्क्वेस्ट ऑफ ग्रॅनाडा' दोन भाग, दहा अंक, सगळं यमकात, हिरो सतत तारसप्तकात. त्याच्यावर तेव्हाच बकिंगहॅमच्या ड्यूकने १६७१ला 'द रिहर्सल' लिहून भरपूर टिंगल केली, ती आधी वाचली तरी चालेल. पण एक अपवाद आपल्यासाठी आहेच, ड्रायडनचं 'ऑरेंग-झेब', १६७५. हो, तोच औरंगजेब, आणि तेव्हा जिवंत, गादीवर. बर्निये या फ्रेंच प्रवाशाच्या प्रवासवर्णनावरून ड्रायडनने विषय उचलला आणि नायक असा केला की बापाची आज्ञा मोडणार नाही, संयमी, प्रेमात एकनिष्ठ! बापाला आग्र्यात कोंडणारा, भावांना संपवणारा माणूस आपण शाळेपासून वाचत आलोय, इथे म्हातारा बादशहाच पोराच्या प्रेयसीवर लट्टू होतो आणि शेवटी खूश होऊन पोराला मुकुट आणि मुलगी दोन्ही देतो. आदल्याच वर्षी, १६७४ला, रायगडावर शिवराज्याभिषेकाला मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्सिंडेन नजराणा घेऊन हजर होता, आणि ती मुंबई म्हणजे चार्ल्सला पोर्तुगीज राणीच्या हुंड्यात मिळालेली आणि त्याने १६६८ला वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकलेली. हे वाचताना इतिहास तपासत बसलात तर डोकं उठेल. त्यापेक्षा असं वाचा की बाप-भाऊ-गादीचं भांडण लंडनच्या पब्लिकला का बघायचं होतं, त्यांच्याकडेपण राजाला औरस मुलगा नाही, भाऊ कॅथलिक, पुढे गादी कुणाची ही चर्चा चालूच होती. आणि किनॅस्टन आठवतोय ना, त्याने यात उर्मट धाकटा भाऊ मोरात केला. जाता जाता, ड्रायडनचं 'दि इंडियन एम्परर' बघून खूश होऊ नका, ते मेक्सिकोच्या माँटेझुमाबद्दल आहे.

शेक्सपियरचं त्या काळात काय केलं तेही एकदा चाळा, नेहम टेटने १६८१ला 'किंग लिअर' सुखांत केलं, विदूषक काढून टाकला, कॉर्डेलियाचं एडगरशी लग्न लावून दिलं, आणि हे असलंच लिअर दीडशे वर्षं चाललं. शेक्सपियरला हात लावायचा नसतो ही भानगड तेव्हा नव्हती. पीप्सने तर 'मिडसमर नाइट्स ड्रीम' बघून इतकं फालतू नाटक जन्मात बघितलं नाही असं लिहून ठेवलंय.

ग्रुपने वाचायचं असेल तर चार-पाच जण पुरेत, भूमिका वाटून घ्या आणि ट्यूबलाइट चालू ठेवा, अंधार-बिंधार करू नका. विगा, पंखे, रुमाल, इंग्रजी उच्चारांचा नखरा यातलं काही करू नका, त्याने नाटक मरतं. दोन दरवाजे मात्र ठरवा, हा बाहेरचा, हा आतला, आणि जो प्रवेशात नाही त्याने खरोखर बाहेर जाऊन उभं राहायचं. स्पार्किश, 'वे ऑफ द वर्ल्ड'मधला विटवुड असली पात्रं ग्रुपमधल्या सगळ्यात बडबड्या माणसाला द्या. वाक्यं लांब असतात, श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलने आधी मार्क करा, आणि मराठीत करून बघायचं असेल तर चायनाच्या प्रवेशापासून करा, भांड्यांच्या दुकानाची भाषा आपल्याकडे भरपूर आहे.

अश्लीलतेबद्दल कुणीतरी बोलणारच. १६९८ला जेरेमी कॉलियर नावाच्या पाद्र्याने या नाटकांवर अख्खं पुस्तक लिहून झोडपलं होतं, काँग्रीव्ह आणि दुसरा नाटककार व्हॅनब्रू यांनी उत्तरं दिली, ती उत्तरं काही फार दमदार नाहीत. कॉलियरची काही पानं जरूर वाचा, माणूस चिडका आहे पण नाटकं त्याने बारकाईने वाचलीत, कौतुक करणाऱ्या कित्येकांपेक्षा जास्त.

शेवटी डाउनलोडचं. काँग्रीव्ह, बेन आणि ड्रायडन प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, बेन आणि ड्रायडनची नाटकं त्यांच्या समग्र साहित्याच्या खंडांत शोधा, सुट्या नावाने शोधलं तर कदाचित सापडणार नाहीत. परीक्षेला असेल तर मात्र टिपा असलेली छापील प्रत घ्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या शिव्या आणि कपड्यांची नावं टिपांशिवाय कळत नाहीत. आणि 'कंट्री वाइफ' शोधताना 'द कंट्री गर्ल' उचलू नका, ते गॅरिक नावाच्या नटाने १७६६ला धुऊन-पुसून केलेलं आहे, त्यात हॉर्नर नाही, लेडी फिजेट नाही, अर्थातच भांडी नाहीत. पात्रांच्या यादीत मूडी आणि पेगी दिसले तर फाइल बंद करा आणि परत शोधा.